एचएस-सीआरपी ४.६, ईएसआर ३२ आलाय: आधी काय बघायचं?

प्रश्न थोडक्यात असा: स्त्री, वय ४४. पॅकेजच्या तपासणीत एचएस-सीआरपी (दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन, जास्त बारकाईने मोजलेलं) ४.६, ईएसआर (लाल पेशी नळीत खाली बसण्याचा वेग) ३२, फेरिटिन (लोहाच्या साठ्याचं माप) ६८, हिमोग्लोबिन १०.९. थकवा कायमचा, गुडघे अधूनमधून दुखतात. शरीरात छुपा दाह (आतली सूज, इन्फ्लमेशन) आहे का, इंटरल्यूकिन-६ (दाहाचा इशारा देणारं प्रथिन) तपासावं का, हळदीच्या कॅप्सूल घ्याव्यात का?

तुमच्या रिपोर्टमध्ये सीआरपीपेक्षा हिमोग्लोबिनचा आकडा जास्त महत्त्वाचा आहे. पण सुरुवात सीआरपीपासून करू, कारण काळजी त्याची वाटते आहे.

पहिल्यांदा एकक वाचा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर छापतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. दोन्हींत दहापट फरक. ४.६ प्रति लिटर म्हणजे किंचित वाढ. तेच प्रति डेसिलिटर असेल तर ४६ होतात, आणि तो सौम्य दाह राहतच नाही. जुन्या रिपोर्टशी तुलना करतानाही हीच चूक सर्रास होते. शिवाय तपासणी 'एचएस' आहे ना, तेही बघा. साधी सीआरपी कमी पातळीवर नेमकी मोजता येत नाही. तिथे बरेचदा नुसतं '५ पेक्षा कमी' एवढंच लिहून येतं.

सीआरपी यकृतात तयार होतं, मुख्यतः इंटरल्यूकिन-६ च्या इशाऱ्यावर. दाह सुरू झाल्यावर सहा-आठ तासांत ते वाढू लागतं, साधारण ४८ तासांत शिखर गाठतं, आणि कारण संपलं की दर १९ तासांनी निम्मं होतं. त्यामुळे सर्दी-ताप, दातदुखी, लस, मुका मार किंवा अंगावर येईल असा व्यायाम, यातलं काहीही आदल्या आठवड्यात झालं असेल तर त्या आकड्यावरून काहीच ठरवू नका. पूर्ण बरं वाटू लागल्यावर दोन आठवडे जाऊ द्या, मग पुन्हा करा. निदान दोन आठवड्यांच्या अंतराने दोन नमुने, शक्यतो एकाच लॅबमध्ये, आणि दोन्हींची सरासरी. उपाशीपोटी जायची गरज नाही. १ पेक्षा कमी, १ ते ३ आणि ३ पेक्षा जास्त (मिलिग्रॅम प्रति लिटर) हे तीन गट अमेरिकेत २००३ साली हृदयविकाराच्या जोखमीसाठी ठरवले गेले. थकव्याचं किंवा सांधेदुखीचं निदान करण्यासाठी नव्हे. १० च्या वर आकडा आला तर तो त्या हिशेबात धरायचाच नाही, आधी संसर्ग किंवा दुसरा आजार शोधायचा.

आता ईएसआर. स्त्रियांसाठी ढोबळ वरची मर्यादा म्हणजे वय अधिक १०, भागिले २. पुरुषांसाठी नुसतं वय भागिले २. तुमच्यासाठी ती २७ येते, म्हणजे ३२ थोडाच वर. आणि रक्त कमी असलं की लाल पेशी भराभर खाली बसतात, ईएसआर आपोआप वाढतो. १०.९ हिमोग्लोबिनवर ३२ चा ईएसआर म्हणजे दाहाचा पुरावा नव्हे. उलटी चूकही होते: घरून घेतलेला नमुना चार तासांहून जास्त वेळ बाहेर राहिला तर ईएसआर खोटा कमी येतो, आणि नळी जराशी तिरकी राहिली तरी खोटा जास्त.

फेरिटिन इथे खरं फसवतं. ६८ समोर 'नॉर्मल' छापलं असणार. पण फेरिटिन हे लोहाच्या साठ्याचं माप असलं तरी दाहातही वाढतं, म्हणजे साठा रिकामा होत असतानाही आकडा ठीक दिसू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये निरोगी प्रौढांसाठी १५ आणि संसर्ग किंवा दाह असलेल्यांसाठी ७० ही सीमा दिली. तुमचा आकडा या दुसऱ्या सीमेच्या खाली आहे. तेव्हा सिरम आयर्न (रक्तातलं लोह) आणि टीआयबीसी (रक्ताची लोह वाहून नेण्याची एकूण क्षमता) करून घ्या: सकाळी, उपाशीपोटी, आदल्या दिवशी लोहाची गोळी न घेता. आयर्न भागिले टीआयबीसी गुणिले १००. उदाहरणार्थ ४० आणि ३६० असतील तर ११ टक्के. २० च्या खाली आलं तर लोहाची कमतरता धरून चालावं, आणि मग ती का झाली हे शोधावं: पाळीत जास्त रक्तस्राव, ॲसिडिटीच्या गोळ्या दीर्घकाळ, आतड्यातून रक्त जाणं. थकव्याचं उत्तर इथे सापडण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते.

इंटरल्यूकिन-६ करू नका. महाग आहे, दिवसभर वरखाली होतं, नमुना लवकर वेगळा केला नाही तर बिघडतं, आणि या परिस्थितीत त्यावरून उपचार बदलत नाहीत. सीबीसीतल्या (रक्तपेशींच्या मोजणीतल्या) न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन पांढऱ्या पेशींच्या गुणोत्तराचंही तसंच. स्टेरॉइड घेतलं तरी ते चढतं.

सीआरपी दुसऱ्यांदाही ३ च्या वर आलं तर शोध घरातूनच सुरू होतो. कमरेचा घेर मोजा. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटरपुढे, पुरुषांसाठी ९० पुढे, पोटाची चरबी हेच नेहमीचं कारण असतं. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं का? तंबाखू, मिश्री? इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या? मोठ्याने घोरणं? हे वाढलेलं सीआरपी स्वतः रोग करत नाही, म्हणून फक्त आकडा खाली आणण्यात अर्थ नाही.

सकाळी सांधे अर्ध्या तासाहून जास्त आखडत असतील, वजन न कळत उतरत असेल, रोज संध्याकाळी कणकण येत असेल तर दोन आठवडे थांबू नका, फिजिशियनकडे जा. ईएसआर बराच वाढलेला आणि सीआरपी मात्र नॉर्मल, अशी जोडी आली तर डॉक्टरांना ल्यूपसबद्दल (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) आणि प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिसबद्दल (रक्तातली प्रथिनं वेगळी करून बघणारी तपासणी) जरूर विचारा.

स्वयंपाकातली हळद खुशाल खा. हळदीचा तीव्र अर्क आणि मिरीचा अर्क एकत्र असलेल्या कॅप्सूल मात्र वेगळ्या. त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. पुन्हा सीआरपी करायच्या आधी असलं काही सुरू केलंत तर आकडा कशाने बदलला हेही कळणार नाही.