पहिली पॉलिसी घेताय? सहीच्या आधी हे वाचा

भाऊ, पहिला पगार झाला की नात्यातला एखादा एजंट घरी टपकतोच. आपल्या नागपुरात तर तर्री-पोह्यांच्या ठेल्यावरही फॉर्म निघतो. घाई करू नका.

आपण लवकर गेलो तर मागच्यांचं काय, यासाठी विमा. आपण खूप जगलो तर आपलं काय, यासाठी अ‍ॅन्युइटी: एकरकमी पैसे द्यायचे, जन्मभर पेन्शन घ्यायची. तुमच्या वयात दुसरीचा विचारच नको.

घ्यायचा तो साधा टर्म विमा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत आपण गेलो तरच घरच्यांना पैसे; आणि त्याचं कव्हर, म्हणजे घरच्यांना मिळणारी रक्कम, वार्षिक उत्पन्नाच्या दहा-पंधरा पट. "यात काही परत मिळत नाही" म्हणून लोक नाक मुरडतात. मीही मुरडलं होतं. मग पैसे परत देणारी पॉलिसी घेतली. वर्षाला 24 हजार भरून कव्हर किती, तर अडीच लाख! महाल भागातल्या आमच्या घराला ते वर्षभरही पुरले नसते.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे लपवाछपवी. खर्रा खात असाल तर फॉर्मवर तंबाखू "हो" लिहा, हप्ता वाढला तरी. शुगर-बीपीचंही तेच, क्लेम नेमका तिथंच अडकतो. लग्न झालं की नॉमिनी बदला. आणि पॉलिसी हाती आली की खरंच वाचा, पटली नाही तर 30 दिवसांत परत करता येते.

बाबा निवृत्त होत असतील तर त्यांना मात्र अ‍ॅन्युइटीचं सांगा. मूळ रक्कम वारसाला परत देणारा पर्याय घेतला की पेन्शन कमी बसते, शिवाय ती करपात्र. सगळी पुंजी त्यात टाकू देऊ नका.

रायडर-बिडर, म्हणजे पॉलिसीला जोडून घ्यायची जादा कव्हरं, नंतर बघू.