वाचकांचे प्रश्न : केबलने जोडलेली उपकरणे अधूनमधून का तुटतात?

प्रश्न : आमच्या घरी फायबरची जोडणी आहे. दिवाणखान्यातील टीव्हीच्या कपाटात राउटर ठेवलेला असून त्याच्या एका पोर्टला माझा डेस्कटॉप, दुसऱ्याला टीव्हीचा बॉक्स आणि तिसऱ्याला भिंतीतल्या पाइपातून वरच्या मजल्यावर नेलेली केबल जोडली आहे. दिवसातून अनेकदा केबलवरची सगळी उपकरणे एकाच वेळी पाच-दहा सेकंद तुटतात आणि आपोआप परत येतात. त्याच वेळी मोबाइलवर वायफायने इंटरनेट व्यवस्थित चालू असते. राउटर फॅक्टरी रीसेट केला, डेस्कटॉपची केबल बदलली, तरी फरक पडला नाही. सेवा देणाऱ्या कंपनीचे तंत्रज्ञ 'लाइन बरोबर आहे' असे सांगून गेले. आता नवा राउटर घ्यावा का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : इतक्यात घेऊ नका. दोष कुठे शोधायचा हे बऱ्याच अंशी ठरवणाऱ्या दोन गोष्टी तुम्ही स्वतःच लिहिल्या आहेत. वायफायवर इंटरनेट चालू राहते, म्हणजे बाहेरची फायबर लाइन आणि राउटरचा मुख्य प्रोसेसर त्या क्षणीही काम करत असतात. तंत्रज्ञांचे म्हणणे त्यामुळे खरे मानायला हरकत नाही. केबलवरची सगळी उपकरणे एकदम तुटतात, म्हणजे एकट्या डेस्कटॉपच्या केबलचा किंवा त्यातल्या नेटवर्क कार्डाचा हा दोष असण्याचा संभव कमी आहे, आणि म्हणूनच केबल बदलून उपयोग झाला नाही. उरतो तो राउटरमधला सर्व पोर्टांना सामाईक असलेला भाग, किंवा त्याला जोडलेले एखादे असे उपकरण, जे आपल्याबरोबर इतरांनाही अडवून धरते.

घरगुती राउटरच्या पेटीत खरे म्हणजे दोन-तीन यंत्रे एकत्र बसवलेली असतात. वायफायचा रेडिओ वेगळा असतो, आणि मागचे लॅन पोर्ट, म्हणजे घरातल्या केबल खोचायच्या जागा, एका स्विच चिपवर किंवा मुख्य चिपमधल्याच स्विचच्या भागावर असतात. स्विच म्हणजे आलेली माहिती योग्य त्या पोर्टकडे वळवणारा भाग. हा स्विच काही कारणाने क्षणभर थांबून पुन्हा सुरू झाला, तर वायफाय शाबूत राहून फक्त केबलवरची उपकरणे तुटतात. गिगाबिट पोर्टला समोरच्या उपकरणाशी वेग ठरवून पुन्हा जोडले जायला काही सेकंद लागतात आणि त्यानंतर संगणक आपला नेटवर्कवरचा पत्ता नव्याने पडताळून घेतो. तुम्ही लिहिलेले पाच-दहा सेकंद या क्रमाशी जुळतात. राउटर पूर्णपणे बंद होऊन सुरू झाला असता, तर वायफायही गेले असते आणि परत यायला एक-दोन मिनिटे लागली असती. याची खात्री करायची असेल, तर राउटरच्या सेटिंगच्या पानावर तो किती वेळ सलग चालू आहे हे बहुधा लिहिलेले असते; जोडणी तुटल्यानंतरही तो आकडा वाढतच असेल, तर पेटी रिस्टार्ट झालेली नाही.

पुढच्या वेळी जोडणी तुटेल तेव्हा संगणकाच्या पडद्याकडे न पाहता राउटरच्या पोर्टांवरचे दिवे पाहावेत, ही माझी पहिली आणि सर्वांत आग्रहाची सूचना आहे. सेटिंगमध्ये तासभर घालवून जे कळत नाही, ते या दिव्यांवरून पाच सेकंदांत कळते.

सर्व पोर्टांचे दिवे एकदम विझून पुन्हा लागत असतील, तर संशय प्रथम वीजपुरवठ्यावर घ्यावा. राउटरचा अडॅप्टर चार-पाच वर्षे अखंड चालू राहिला, की त्यातले कपॅसिटर कमजोर होतात. भार वाढला की व्होल्टेज क्षणभर खाली येते आणि ज्या भागाला ते सर्वांत आधी सोसवत नाही, तो भाग पुन्हा सुरू होतो. मल्टिमीटर लावून पाहिल्यास बारा व्होल्ट बरोबर दिसतात, कारण इतकी क्षणिक घसरण साध्या मीटरला पकडता येत नाही. म्हणून मोजण्यापेक्षा अडॅप्टर बदलून पाहणे हीच खरी परीक्षा. दुसऱ्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्टेज तंतोतंत तेवढेच असावे, अँपिअर तेवढे किंवा त्याहून अधिक असावेत, आणि पिनच्या आत-बाहेरचे धन-ऋण चिन्ह तेच असावे. वीज गेल्यावर राउटर चालू राहावा म्हणून मध्ये छोटा यूपीएस लावला असेल, तर चाचणीपुरता तो काढून राउटर थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडावा. १ अँपिअर देणारा यूपीएस दीड अँपिअर मागणाऱ्या राउटरला लावलेला पुष्कळ घरांत आढळतो.

त्याच्या खालोखाल उष्णता. टीव्हीच्या बंद कपाटात, तेही गरम होणाऱ्या बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेला राउटर एप्रिल-मे महिन्यांत फार तापतो. दोन-तीन दिवस तो कपाटाबाहेर, हवा लागेल असा ठेवून पाहावा. अडॅप्टर बदलण्याच्या दिवशीच हे करू नये, नाहीतर दोष गेला तरी तो कशामुळे गेला हे कळणार नाही.

दिवे लागलेलेच राहतात पण काहीच चालत नाही, असे दिसले तर प्रकार वेगळा आणि थोडा चमत्कारिक आहे. इथरनेटमध्ये, म्हणजे केबलवरून माहिती नेण्याच्या पद्धतीत, उपकरणाला समोरच्याला 'जरा थांबा' असे सांगण्याची सोय असते. घेतलेली माहिती साठवायला जागा उरली नाही, की ते असा संदेश पाठवते, आणि स्विच त्याचा मान राखून थांबतो. एखादे उपकरण बिघडलेल्या किंवा अर्धवट झोपलेल्या अवस्थेत हाच संदेश अखंड पाठवत राहिले, तर स्वस्त स्विचमधली सामाईक साठवण भरून जाते आणि बाकीचे पोर्टही ठप्प होतात. लॅपटॉप काढून घेतल्यावर केबलला तसेच लटकत राहिलेले यूएसबी डॉक (लॅपटॉपला एकाच तारेने केबल, पडदा वगैरे जोडून देणारी डबी) आणि स्टँडबायमध्ये गेलेले टीव्ही यांच्याबाबत हा अनुभव जगभर अनेकांना आलेला आहे. तुमच्याकडे टीव्हीचा बॉक्स आहे, आणि वरच्या मजल्यावरच्या केबलच्या टोकाला काय आहे हे तुम्ही लिहिलेले नाही. त्या दोन्हींकडे या दृष्टीने पाहावे.

सगळे दिवे एकाच लयीत भराभर मिणमिणत असतील, तर कुठेतरी फेरा पूर्ण झालेला असतो : वरच्या मजल्यावरच्या छोट्या स्विचमध्ये एकाच केबलची दोन्ही टोके खोचलेली असतात, किंवा वायफायचा पल्ला वाढवणारा एखादा एक्स्टेंडर वायफायनेही आणि केबलनेही एकाच राउटरशी जोडलेला असतो. मात्र अशा वेळी वायफायही बहुधा गुदमरते, त्यामुळे तुमच्या बाबतीत ही शक्यता मी मागे ठेवीन.

अडॅप्टर आणि जागा बदलूनही दोष राहिला, तर डेस्कटॉप सोडून बाकी सर्व केबल राउटरमधून काढाव्यात आणि डेस्कटॉप एक-दोन मीटरच्या तयार केबलने थेट जोडावा. एरवी दिवसातून अनेकदा होणारी तूट पूर्ण दिवस झाली नाही, तर टीव्हीचा बॉक्स जोडून दुसरा दिवस पाहावा, मग वरच्या मजल्याची केबल. याच काळात संगणकावर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडून एकीत राउटरच्या पत्त्याला, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१ ला, आणि दुसरीत ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला सलग पिंग चालू ठेवावे, म्हणजे 'आहेस का?' अशी छोटी विचारणा पुन्हा पुन्हा पाठवत राहावे. दोन्हींची उत्तरे एकदम थांबली तर दोष घरात आहे. राउटर उत्तर देतो आणि केवळ बाहेरचा पत्ता देत नाही, तर दोष राउटरच्या पलीकडे आहे. केव्हा तुटले, कोणते दिवे गेले आणि त्या वेळी घरात काय सुरू झाले, हे वहीत लिहून ठेवावे. पाण्याची मोटर, फ्रिजचा कॉम्प्रेसर किंवा इन्व्हर्टर चालू होण्याच्या वेळा या नोंदींशी जुळल्या, तर वीजपुरवठ्याचा संशय पक्का होतो.

एकटा डेस्कटॉप, छोटी केबल, नवा अडॅप्टर, मोकळी हवा आणि अद्ययावत फर्मवेअर (राउटरमधले सॉफ्टवेअर) एवढे करूनही सर्व दिवे विझतच असतील, तर राउटरमधला स्विचच खराब झाला आहे असे समजावे. तेव्हाही पेटी कंपनीने दिलेली असेल, तर विकत घेण्याआधी बदलून मागावी, आणि तंत्रज्ञांना वहीतल्या नोंदी दाखवाव्यात. 'इंटरनेट जाते' या तक्रारीवर ते लाइनच तपासतात. 'वायफाय चालू असताना सर्व लॅन पोर्टांचे दिवे एकदम विझतात' या तक्रारीवर त्यांना पेटी तपासावी लागते.

प्रश्न : माझी अडचण एकाच संगणकाची आहे. राउटरपासून अभ्यासिकेपर्यंत सुमारे २० मीटर केबल इलेक्ट्रिशियनने टाकून दिली. कधी १ गिगाबिट, तर कधी १०० मेगाबिट असा वेग दिसतो आणि अधूनमधून जोडणीच जाते. टेस्टरवर मात्र आठही दिवे लागतात. हे कसे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : वेगाचे हे खाली-वर होणे म्हणजे जवळजवळ केबलने स्वतः दिलेली कबुली आहे. लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला त्यांपैकी दोनच जोड्या पुरतात. गिगाबिटला चारही लागतात. एखादी तार कनेक्टरमध्ये सैल बसली असेल, तर गिगाबिट जोडणी तुटते आणि उपकरणे कधी १०० वर समाधान मानतात, तर कधी पुन्हा गिगाबिटचा प्रयत्न करतात. दिव्यांचा टेस्टर त्या क्षणी तार सलग आहे एवढेच सांगतो. ती हलल्यावर किंवा तापल्यावर काय होते, आणि जोड्या नीट जुळवल्या आहेत का, हे तो सांगत नाही. दोन्ही टोकांना 'एक ते आठ' सरळ जोडून रंगांचा क्रम मात्र मनाने लावला, तरी टेस्टर समाधानी असतो. पण एकमेकींना पीळ घातलेल्या तारा वेगवेगळ्या जोड्यांत विभागल्या जाऊन सिग्नल बिघडतो. पारदर्शक कनेक्टरमधून पाहा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा क्रम दोन्हीकडे हवा.

दुसरे, केबलच्या आवरणावर काय छापले आहे ते वाचा. तपकीर गल्लीत काय किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय, मीटरवर मिळणाऱ्या स्वस्त केबलमध्ये तांब्याचा केवळ मुलामा असलेली ॲल्युमिनियमची तार पुष्कळदा असते. ती वळणावर तुटते आणि क्रिम्पिंगच्या, म्हणजे कनेक्टर दाबून बसवलेल्या, जागी काही महिन्यांनी तिचा संपर्क ढिला पडतो. तार ब्लेडने खरवडल्यावर आत पांढरा धातू दिसला, तर दुरुस्तीत वेळ न घालवता शुद्ध तांब्याची कॅट ६ केबल टाकून घ्यावी. ती विजेच्या तारांच्याच पाइपातून ओढू देऊ नका. वेगापेक्षाही तुमच्या सुरक्षिततेसाठी मी हे सांगतो आहे.

केबल बदलण्याआधी एक छोटी परीक्षा करता येईल. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून नेटवर्क कार्डाच्या प्रगत सेटिंगमध्ये वीज वाचवणाऱ्या इथरनेटचा, म्हणजे 'एनर्जी एफिशिएंट इथरनेट'चा पर्याय बंद करावा, कारण काही चिपच्या जोड्यांमध्ये त्यानेही जोडणी तुटते. तिथेच वेग १०० मेगाबिटवर पक्का करूनही पाहता येतो. तूट थांबली, तर उरलेल्या दोन जोड्यांवरचा संशय बळावतो. हा उपाय मात्र कायमचा ठेवू नये. एका बाजूने वेग पक्का केला, की राउटरला समोरची रीत ओळखता येत नाही, तो एका वेळी एकाच दिशेने माहिती नेऊ लागतो आणि जोडणी टिकली तरी ती रडतखडत चालते.

प्रश्न : वाडीतल्या पंपघराजवळच्या कॅमेऱ्यासाठी घरातून उघड्यावरून लॅन केबल नेली आहे. गेल्या पावसाळ्यात गडगडाटानंतर राउटरचा तो पोर्ट गेला. दुसऱ्या पोर्टला जोडल्यावर पाऊस पडला की कॅमेरा अधूनमधून तुटतो.
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : पावसात तुटण्याचे कारण बहुधा बाहेरच्या टोकाला कनेक्टरमध्ये शिरणारे पाणी हे असते. हिरवट गंज दिसला तर टोक कापून नवे कनेक्टर लावावे, ते जलरोधक डबीत ठेवावे, आणि डबीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल. यापेक्षा मोठा धोका विजेचा आहे. जवळपास वीज पडली, की उघड्यावरच्या लांब तांब्याच्या तारेत दाब निर्माण होतो आणि तो थेट राउटरमध्ये येतो; एक पोर्ट गेला यावर निभावले. ही जोडणी फायबरने करून घ्या : दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर (लॅन केबल आणि फायबर यांच्यात सिग्नल बदलून देणारी डबी) आणि मध्ये धातूचा आधार नसलेली फायबर केबल. ते होईपर्यंत ढग गडगडू लागण्याआधीच ती केबल राउटरमधून काढून ठेवावी. गडगडाट चालू असताना तिला हात लावू नये.