कॉफीची गोडी कशी लागेल?

प्रश्न : मी मूळचा फोंड्याचा, नोकरीसाठी पणजीत राहतो. आमच्या घरी पूर्वीपासून चहाच. कार्यालयातील मंडळी संध्याकाळी फोंताइन्हासमधील एका कॅफेत जमतात. मलाही त्यांच्यात बसावेसे वाटते; परंतु कॉफी कडू लागते, घरी केली तर जळकट होते, आणि एका कपावर तासभर बसण्याचा संकोच वाटतो. काय करावे?
– एक वाचक, पणजी

उत्तर : आपली अडचण जिभेची कमी आणि चहाच्या सवयीची अधिक आहे. चहा आपण आले ठेचून घालून खळखळ उकळतो. कॉफीची पूड तशीच उकळली, की तिच्यातील कडू अंश प्रमाणाबाहेर उतरतो. म्हणून पाण्याला उकळी आल्यावर गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबावे, १५ ग्रॅम जाडसर पुडीवर २५० मिलिलिटर पाणी ओतावे आणि ४ मिनिटांनी गाळून घ्यावे. पूड ताज्या भाजणीची असेल, तर पाणी पडताच ती फुगून वर येते आणि तिच्यावर बारीक बुडबुडे फुटू लागतात. शिळी पूड नुसतीच भिजून बसते. पाकिटावरील मजकूरही वाचावा, कारण कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी रोबस्टाच्या बियांत अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफीन असते व तिची चव अधिक कडवट असते. शेजारच्या चिकमगळूरची अरेबिका आपल्याला सहज मिळेल.

कॅफेत पहिल्याच दिवशी एस्प्रेसो मागवू नये. जेमतेम ३० मिलिलिटरचा तो अर्क नवख्याला झेपत नाही. दूध व फेस असलेली कॅपुचिनो घ्यावी, आणि साखर घालण्यापूर्वी एक घोट तसाच घेऊन पाहावा.

संकोचाचे मात्र मला नवल वाटले. पोर्तुगीज भाषेत कॉफीला आणि ती पिण्याच्या जागेला ‘कॅफे’ हा एकच शब्द आहे, आणि आपल्या गोव्यात तर भाजीपाव-चहाच्या जुन्या दुकानांच्या पाट्यांवरही तो दिसतो. तिथे वर्तमानपत्र उलगडून निवांत बसणारी वडीलधारी माणसे आपणही पाहिली असतील. त्याच हक्काने बसावे. गर्दी वाढून कोणी जागेसाठी ताटकळत असेल, तेव्हा उठावे, एवढेच.

शेवटी झोपेविषयी. कॅफीन निम्मे ओसरायला साधारण ५ तास लागतात, त्यामुळे सहाच्या कॉफीचा अंमल अकरालाही जाणवू शकतो. तसा त्रास झाल्यास कॉफी दुपारी प्यावी आणि संध्याकाळी मित्रांबरोबर लिंबू सरबत घेऊन बसावे.