शिफारसपत्र कसं मागावं? सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो"

तुमचे प्रश्न दोन आहेत. सर मसुदा करून आणायला सांगतात तर तो लिहावा का, आणि पास होऊन दोन वर्षं झाल्यावर ज्या मॅडमकडे प्रोजेक्ट केला त्यांना आता मेल कसा करावा. पहिल्याचं उत्तर: लिहू नका. दुसऱ्याकडे येते, पण आधी पहिल्याबद्दल बोलू द्या, कारण याच विषयावर आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी माझं वर्षानुवर्षं वाजतंय.

हे गृहस्थ शिकवतात उत्तम, त्यात वाद नाही. पण पत्र मागायला कुणी दारात उभं राहिलं की मान वर न करता ठरलेलं वाक्य येतं: "ड्राफ्ट करून आण, लेटरहेडवर प्रिंट काढ, सही करतो." मुलं खूश, सर मोकळे.

मध्यंतरी मी एका फेलोशिपच्या निवड समितीवर होते. आमच्याच विभागातल्या एका मुलाचा अर्ज आला. त्याला मला गुण द्यायचे नव्हते, नुसतं ऐकत बसायचं होतं. तीन पत्रं, तीन लेटरहेड, तीन सह्या. शेजारच्या परीक्षकांनी ती टेबलावर ओळीने मांडली आणि पेनाच्या टोकाने दाखवत गेले. तिन्हींत स्वल्पविरामाच्या आधी जागा सोडलेली, नंतर नाही. लॅबोरेटरीच्या स्पेलिंगमधला पहिला ओ तिन्हींत गायब. तिघेही गुरुजन या मुलाला मेहनती, प्रामाणिक आणि झटपट शिकणारा म्हणत होते, त्याच क्रमाने. खोलीत हशा पिकला आणि अर्ज बाजूला गेला. त्यातली एक सही कुणाची, हे सांगायला नकोच.

मला हसू आलं नाही, कारण मुलगा खरोखर चांगला होता. उन्हाळ्यात माझ्या लॅबमध्ये होता तेव्हा त्याची तापमानाची रीडिंग्ज पुस्तकात असतात तशी आली. दुसरा कुणीही आलेख काढून मोकळा झाला असता. याला मात्र ती जरा जास्तच गोड वाटली. न सांगता सगळं उघडून बसला, तर तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलचं एक टोक सैल निघालं. आधीचं सगळं बाद करून त्याने नव्याने मोजलं आणि दुसऱ्यांदा आलेले वेडेवाकडे आकडे माझ्यासमोर ठेवले. हे त्या तीन पत्रांत कुठेही नव्हतं. असणार कसं? त्याला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. माणूस स्वतःबद्दल लिहायला बसला की मेहनती आणि प्रामाणिकच लिहितो. त्याने मागितलं असतं तर मी समितीतून बाहेर बसून पत्र लिहिलं असतं. नंतर विचारलं, माझ्याकडे का नाही आलास? म्हणाला, "मॅडम, तुम्ही स्वतः लिहिता, काय लिहाल सांगता येत नाही."

सहकाऱ्यांपुढे विषय काढला तर म्हणाले, मी मुलांचं भलंच करतो, आणि लांब पत्रं वाचतं कोण? मग त्यांचं ठेवणीतलं उदाहरण: १९४८ साली गणिताचे प्राध्यापक डफिन यांनी जॉन नॅशसाठी, म्हणजे पुढे नोबेल मिळवणाऱ्या गणितज्ञासाठी, प्रिन्स्टन विद्यापीठाला पाठवलेलं पत्र. जेमतेम काही ओळींचं, त्यातलं गाजलेलं वाक्य एवढंच की हा गणितातला अलौकिक बुद्धीचा माणूस आहे. अहो, पण ते डफिननी स्वतः लिहिलं होतं! त्यांनी नॅशला शिकवलं होतं. नॅशने ड्राफ्ट करून आणला असता तर त्यानेही स्वतःला मेहनतीच म्हटलं असतं.

शिवाय आता पत्र एकटं जात नाही. बऱ्याच पोर्टलवर शिफारस करणाऱ्याला टिक करावी लागते: हा विद्यार्थी वरच्या ५ टक्क्यांत, १० टक्क्यांत की २५ टक्क्यांत? तुलना कुणाशी, हे फक्त शिकवणाऱ्याला माहीत असतं. लिंकसुद्धा थेट त्यांच्याच मेलवर जाते. ती तुम्हाला फॉरवर्ड करून "तूच भर" म्हणणारे सर भेटले, तर तिथून नमस्कार करून निघा.

आता तुमच्या मॅडम. दोन वर्षं म्हणजे काहीच नाही, संकोच सोडा. मेलच करा. समोर जाऊन विचारलं की तोंडावर नाही म्हणणं जड जातं आणि मग कोमट पत्र मिळतं. कोमट पत्र नकारापेक्षा वाईट. "पत्र द्याल का?" असं विचारू नका, "माझ्या कामाबद्दल सविस्तर आणि चांगलं लिहिता येईल असं तुम्हाला वाटतं का?" असं विचारा, म्हणजे त्यांना सुटायला वाट राहते. उत्तर गुळमुळीत आलं तर आभार माना आणि दुसरीकडे वळा. मेलमध्ये कुठल्या वर्षी, कुठल्या प्रोजेक्टवर होतात ते पहिल्या दोन ओळींत येऊ द्या. हो म्हणाल्या की रेझ्युमे, एसओपी (हा कोर्स का करायचाय हे सांगणारं तुमचं निवेदन), प्रोजेक्टचा रिपोर्ट आणि डेडलाइनची यादी एकाच मेलमध्ये पाठवा. महिनाभर तरी आधी. आदल्या आठवड्यात एक आठवण, बस. रोज "मॅडम, झालं का?" नको.

अमेरिकी फॉर्मवर पत्र पाहण्याचा हक्क सोडता का, असा एक चौकोन असतो. १९७४च्या फर्पा कायद्याने तिथे शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आपली फाइल पाहायचा हक्क दिला, म्हणून ते विचारतात. हक्क सोडा. नाही सोडलात तर वाचणाऱ्याला वाटतं, लिहिणाऱ्याने हात राखून लिहिलंय.

हे सगळं उच्च शिक्षणाच्या अर्जाबद्दल झालं. नोकरीसाठी असेल तर गोष्ट वेगळी, बऱ्याच कंपन्या कधीपासून कधीपर्यंत होतात एवढंच लेखी देतात. आणि प्रचंड मोठ्या वर्गाला शिकवणाऱ्या सरांना तुम्ही खरंच आठवत नसाल, तर ज्यांनी प्रॅक्टिकल घेतलं त्यांनी लिहावं आणि दोघांनी सही करावी. हे सर्रास चालतं आणि त्यात गैर काही नाही.

एवढं करूनही तुमचे सर ड्राफ्टवरच अडून बसले आणि दुसरं कुणीच नसेल, तर पत्र नेऊ नका, एक पान मुद्दे न्या: त्यांच्याकडे काय केलंत, कुठे अडलात, त्यांनी तेव्हा काय सुचवलं. फक्त वर ठळक अक्षरांत 'मुद्दे' असं लिहा. आमचे सहकारी तसल्या पानावरही सही करून परत देतात.