अर्धांगवायूनंतरचा हात आणि ॲक्युपंक्चरच्या सुया

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात अजून नीट उचलत नाही. ॲक्युपंक्चरने मेंदूतील मेलेल्या पेशी पुन्हा जिवंत होतात, असे ऐकले. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. रक्तपुरवठा तुटून मेलेल्या पेशी कोणत्याही उपचाराने परत येत नाहीत. सुधारणा होते ती वाचलेल्या पेशींमुळे. इजा झालेल्या भागाच्या आसपासच्या पेशी नवे जोड तयार करतात आणि हरवलेल्या कामाचा काही वाटा उचलू लागतात. पहिल्या तीन महिन्यांत हा वेग सर्वाधिक असतो, पुढे तो मंदावतो; तरीही चार महिन्यांनी वेळ निघून गेली, असे मुळीच समजू नका. सुई टोचल्यावर मेंदूच्या हालचालींशी संबंधित भागांतील क्रिया बदलते, असे फंक्शनल एमआरआयच्या (मेंदूचा कोणता भाग काम करतो आहे हे चित्रात दाखवणाऱ्या तपासणीच्या) काही अभ्यासांत दिसले आहे. मात्र चित्रात बदल दिसला, म्हणून वडिलांना त्या हाताने घास तोंडापर्यंत नेता येईलच असे नाही.

प्रश्न : चीनमध्ये हा उपचार रुग्णालयांतून सर्रास दिला जातो. मग आपले डॉक्टर तो का सुचवत नाहीत?

उत्तर : स्वीडनमधील दोन अभ्यासांवरून हे समजेल. १९९३ साली ७८ रुग्णांच्या अभ्यासात नेहमीच्या व्यायामाला ॲक्युपंक्चरची जोड मिळालेले रुग्ण अधिक सुधारलेले दिसले. पण दुसऱ्या गटाला त्याऐवजी काहीच दिलेले नव्हते, त्यामुळे गुण सुयांचा की जास्तीच्या देखभालीचा आणि आशेचा, हे ठरवता येत नव्हते. २००१ साली १५० रुग्णांवर, तुलनेच्या गटाला जाणवणारही नाही इतका सौम्य विद्युत उपचार देऊन, हाच प्रश्न पुन्हा तपासला, तेव्हा गटांमध्ये फरक आढळला नाही. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात ३१ चाचण्या होत्या. काही फायदा असू शकेल, पण बहुतेक चाचण्यांचा दर्जा अपुरा आहे, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. माझ्या मते डॉक्टरांची सावधगिरी रास्त आहे.

प्रश्न : पैसे मर्यादित आहेत. फिजिओथेरपी थांबवून सासूबाईंना ॲक्युपंक्चर द्यावे का?

उत्तर : कृपया थांबवू नका. मेंदू शिकतो तो पुन्हा पुन्हा केलेल्या, अर्थपूर्ण कामातून. मनगट आणि बोटे स्वतःहून थोडी तरी उघडत असतील, तर चांगला हात मोज्यात बांधून दुबळ्या हाताकडून कामे करवून घेण्याची पद्धत फिजिओथेरपिस्टना विचारा. २००६ साली अमेरिकेत २२२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत दोन आठवड्यांच्या अशा सरावाचा लाभ वर्षभरानंतरही टिकून होता. घरी पेला उचलणे, टॉवेलची घडी घालणे, वाटीतले शेंगदाणे एकेक करून दुसऱ्या वाटीत टाकणे, हा सराव रोज करता येतो आणि त्याला खर्च नाही. हे सगळे चालू ठेवून वर काही पैसे उरत असतील, तरच सुयांचा विचार करा.

प्रश्न : काकांच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. सुया चालतील का?

उत्तर : आधी गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना विचारा, आणि सुयांसाठी गोळ्या स्वतःहून कधीही बंद करू नका, कारण दुसऱ्या झटक्याचा धोका सुईच्या रक्तस्रावापेक्षा फार मोठा आहे. सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या असाव्यात. बधिर अंगावर शेक देऊ देऊ नका. भाजले तरी काकांना कळणार नाही.