दुष्काळ म्हणे पलीकडच्या गावात!

प्रश्न : आयर्लंडमध्ये १८४५ पासून पडलेल्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं गेली. मग तिथल्या खेड्यांतले म्हातारे ‘आमच्याकडे एवढं नव्हतं, पलीकडच्या गावात लोक मेले’ असं का सांगत? अशा आठवणींवर विश्वास ठेवावा का? – एक वाचक

उत्तर : ठेवावा, पण मेलेल्यांचा आकडा त्यांना विचारू नये. आयरिश लोकसाहित्य आयोगाने या दुष्काळावर प्रश्नावली काढली ती १९४५ साली, शंभर वर्षं झाल्यावर. सांगणारे बहुतेक मुलं-नातवंडं. आपलं घर कसं तगलं, हे वहीत उतरवून घेणाऱ्यासमोर कोण बोलेल? त्यात १८४७ चा कायदा असा, की पाव एकराहून जास्त जमीन कसणाऱ्या कुळाला सरकारी मदत नाही. आधी जमीन सोडा, मग पोटाला मिळेल. ती सोडलेली जमीन ज्याच्या घरात आली, त्याचा नातू गप्पच बसणार. ‘पलीकडचं गाव’ जन्मलं ते इथेच, असं मला वाटतं.

दुसऱ्याची लाज मात्र कुणी विसरत नाही. काही प्रोटेस्टंट प्रचारकांनी धर्म बदलण्याच्या अटीवर सूप वाटलं. ते ज्यांनी घेतलं, त्यांच्या घराण्याला तो टोमणा पिढ्यान्‌पिढ्या चिकटला. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी कसलीही अट न घालता मोठमोठ्या कढया पुरवल्या होत्या, पण सूप म्हटलं की लोकांना ती अटच आठवते.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती निराळीच आठवण. करपा रोगाने पीक जाऊन दुष्काळ पडला, त्याआधी बटाटा म्हणे इतका पिकला, की बाजारात गिऱ्हाईक मिळेना. लोकांनी पोतीच्या पोती रस्त्याकडेला ओतली, कुंपणाची भगदाडं बटाट्यांनी बुजवली. त्या माजाची देवाने शिक्षा केली, असं म्हातारे सांगत. करपा येतो बुरशीसारख्या सूक्ष्मजीवाने, त्यात देवाचा काय संबंध! पण बटाट्यांनी बुजवलेलं भगदाड कुणी पुस्तकात वाचून सांगत नाही. उपासमारीने माणूस पडला त्या जागी उगवलेल्या गवतावर पाय पडला की अंगातलं त्राण जातं, म्हणून खिशात भाकरीचा तुकडा ठेवायचा, हेही तसंच.

मुळातून वाचायचं असेल, तर १९३७-३८ साली शाळकरी मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून लिहिलेल्या वह्या इंटरनेटवर फुकट आहेत. गावाच्या नावाने शोधा आणि एकमेकांना लागून असलेल्या दोन गावांच्या वह्या एकत्रच उघडा. दोघंही पलीकडे बोट दाखवतात का, ते तुम्हीच बघा.