माणूस स्वतःला पूर्णपणे ओळखू शकतो का? जाणीव म्हणजे नेमकं काय, आणि ती कधी कळेल का? प्राण्यांनाही ती असते का?

नाही. पूर्ण सोडा, अर्धंही नाही. आणि हे मी चार तासं (म्हणजे पिकाच्या चार ओळी) जमिनीच्या भांडणातून शिकलेलो आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

बरेच जण तुम्हाला 'ध्यानाला बसा, मी कोण असं विचारा' म्हणून सांगतील. सांगू द्या. बसणारा तोच, विचारणारा तोच आणि उत्तर आल्यावर 'बरोबर आहे' म्हणणाराही तोच. असा हिशोब आमच्या सोसायटीच्या सचिवानं ठेवला असता तर आम्ही त्याला गावात राहू दिलं नसतं.

2017 चा सप्टेंबर. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले कास्तकार. त्या वर्षी पराटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर गेली होती. फवारताना नळी वर धरावी लागे, म्हणजे औषध आधी आपल्या तोंडावर, मग पानावर. त्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. पेपरात सगळं आलं होतं, ते उगाळत नाही. त्या शेकड्यांत मीही होतो. अंगात बनियान, तोंडाला दुपट्टा, पंपात मोनोक्रोटोफॉस आणि त्यात आणखी एक पुडी, दुकानदारानं 'सोबतच मारा' म्हणून दिलेली. चार पंप झाले तरी काही नाही. आठव्याला तोंडात लाळ मावेना आणि समोरचं एक तास दोन दिसायला लागलं. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, निंबाखाली जाऊन बसलो. धाकटा भाऊ पलीकडे बैलांना पाणी पाजत होता. त्यानं मला मोटरसायकलवर मधे घेतलं, मागून सालदारानं धरलं. फाट्यापर्यंतचं आठवतं. पुढचे तीन दिवस माझ्याकडे नाहीत.

हे विष नसांच्या जोडावर एक रसायन साचवत जातं. म्हणून लाळ, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, छातीत घरघर. त्याच्यावर ॲट्रोपिन देतात. ॲट्रोपिन म्हणजे उकिरड्यावरच्या धोतऱ्यात असतं त्याच जातीचं द्रव्य. छाती मोकळी होईपर्यंत भरत राहतात आणि जीव वाचतो, पण माणूस धोतरा खाल्ल्यासारखा बरळायला लागतो. मी तीन दिवस खाटेवर बसून हवेतला कापूस वेचत होतो म्हणे. वेचून ओटीत भरायचो, ओटी भरली की चादरीवर रिकामी करायचो. मधेच मेलेल्या बापाशी बोललो, बैलजोडीच्या किमतीवरून त्याच्याशी भांडलोही. आणि त्याच तीन दिवसांत सिस्टरनं नाव विचारलं तर नाव सांगितलं, गाव सांगितलं, तालुका सांगितला, बायकोला ओळखलं, 'पाणी दे' म्हटलं. आणि दुसऱ्या रात्री धाकट्याचा हात धरून म्हटलं, "निंब तुया, अन् थे चार तासंबी तुये."

हे सगळं ऐकीव आहे. मी तिथं नव्हतो. म्हणजे होतो. पाहा, पहिल्याच वाक्यात भाषा अडकते.

शुद्ध आली तेव्हा पहिली आठवण पंख्याची, पाती मोजता येतील एवढा हळू फिरणारा. गंमत अशी की झोपेतून उठल्यावर 'वेळ गेला' असं काहीतरी वाटतं ना, तसंही वाटलं नाही. फाटा आणि पंखा एकमेकांना चिकटलेले. मधला कागद फाडून टाकलेला, आणि फाडल्याची धारही नाही.

दिवाळीला धाकट्यानं विषय काढला. वाटणीपासून त्या चार तासांवरून आमचं कुरकुर होतंच. वडलांनी धुरा वाकडा टाकलेला, मोजणी कधी केली नाही. मी म्हटलं, मी शुद्धीत नव्हतो. तो म्हणाला, "दादा, तूनं नाव बरोबर सांगतलं, गाव बरोबर सांगतलं, अन् निंबाचंच तेवढं बेशुद्धीत कसं म्हणलं?" याला तेव्हा उत्तर सुचलं नाही. धाकटा माळकरी आहे, दर सप्ताहाला पुढच्या रांगेत बसतो. त्यानं पुढं कीर्तनातला दाखला टाकला. गाढ झोपेतून उठून माणूस म्हणतो, मस्त झोपलो, काहीच कळलं नाही. कोणालाच कळलं नसेल तर मस्त झोपलो हे कोणी सांगितलं? आत साक्षी जागा असतो. "तुया साक्षी जागाच होता. त्यानंच निंब देल्ला."

आता सांगा, जमिनीच्या भांडणात अद्वैत वेदान्त कोणी आणतं का? पण आणलं. आणि मी बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलेला माणूस. घेतलं होतं ते हजेरीचं कोणी विचारत नव्हतं म्हणून, पण घेतलं होतं. त्यामुळे जिद्दीला पेटलो. पुढची दोन वर्षं मी जे वाचलं ते तेव्हा वाचलं असतं तर पहिला वर्ग मिळाला असता.

धाकट्याचा दाखला जुनाच आहे, अद्वैताचे आचार्य तो देतातच. पण नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनवाल्या पंडितांनी, त्याला जुनंच उत्तरही दिलेलं आहे, ते कीर्तनात कोणी सांगत नाही. उठल्यावर अंग हलकं असतं, त्यावरून आपण अंदाज बांधतो की झोप चांगली झाली. सकाळी आंगण ओलं दिसलं की रात्री पाऊस पडला म्हणतो, तसं. पाऊस पाहत कोणी जागं बसलेलं नसतं. मला हे पटतं. आणि मांडूक्य उपनिषद जाणिवेच्या चार अवस्था सांगतं, माझे तीन दिवस त्या खणांतही नीट बसत नाहीत. जागृती म्हणावी तर मला पत्ता नाही. स्वप्न म्हणावं तर आठवत नाही. सुषुप्ती, म्हणजे गाढ झोप, म्हणावी तर नाव-गाव-तालुका सांगत होतो. चौथी अवस्था म्हणजे तुरीय, ती मला मोनोक्रोटोफॉसनं मिळाली असेल असं धाकटाही म्हणणार नाही.

मग जॉन लॉक हा इंग्रज तत्त्वज्ञ हाती लागला. यानं 1694 साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत एक प्रकरण वाढवलं. त्यात तो म्हणतो, माणूस 'तोच' कुठवर, तर त्याची जाणीव मागे जिथवर पोचते तिथवर. मी उडीच मारली. माझी जाणीव फाट्यावर थांबते, म्हणजे निंब देणारा मी नव्हे! पण त्याच प्रकरणात थोडं पुढं दारुड्याची गोष्ट येते. दारूत केलेलं आठवत नसेल तर शिक्षा का करायची? लॉक म्हणतो, कोर्ट शिक्षा करतं, कारण कृत्य त्याच्याविरुद्ध सिद्ध करता येतं, पण शुद्ध नव्हती हे त्याच्या बाजूनं सिद्ध करता येत नाही. म्हणजे पुन्हा धाकट्याच्या बाजूला.

आपला कायदा मात्र माझ्या बाजूला आहे, हे ठासून सांगतो. भारतीय करार कायदा, 1872, कलम 12. त्याच्या उदाहरणातच लिहिलंय की तापात बरळणारा एरवीचा शहाणा माणूस, बरळणं चालू आहे तोवर करार करू शकत नाही. शिवाय जमीन तोंडी बक्षीस देताच येत नाही, नोंदणी लागते. मी हे छापून आणून धाकट्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "कायद्याचं नाई, शब्दाचं विचारून राह्यलो."

आणि खरं तर तुमचाही प्रश्न शब्दाचाच आहे. समोरचा बोलतो, हसतो, नाव सांगतो, यावरून आत कोणी आहे असं आपण धरून चालतो. हा पुरावा दोन्ही बाजूंनी फुटका आहे. 2006 साली एड्रियन ओवेन या शास्त्रज्ञानं अपघातानंतर काहीच प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला मेंदूच्या स्कॅनमध्ये ठेवून सांगितलं, 'टेनिस खेळताय अशी कल्पना करा'. निरोगी माणसाच्या मेंदूचा जो भाग उजळतो तोच तिचाही उजळला. बाहेर दार बंद आणि आत कोणी तरी ऐकत होतं. माझं उलट, दार सताड उघडं, ओसरीवर बोलणं चालू, आणि घरचा मालक म्हणतो मी गावाला गेलो होतो.

यात शास्त्रज्ञ किती पुढे गेलेत असं विचाराल, तर भूल 1846 पासून देतात, जाणीव घालवता येते, परत आणता येते, मेंदूचा कुठला भाग गप्प होतो तेही दाखवता येतं. पण मेंदूतल्या त्या घडामोडी आतून का 'जाणवतात', नुसत्या घडून का जात नाहीत, हा प्रश्न तसाच आहे. डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञानं 1995 मध्ये त्याला 'अवघड प्रश्न' असं नाव दिलं. नाव देण्यापलीकडे फार काही झालं असं मला वाटत नाही. आत्मा न मानणारे जुने चार्वाक म्हणायचे, दारूच्या सामानात नशा नसते, आंबवल्यावर येते, तशी पंचभूतांतली चार एकत्र आली की जाणीव येते. मोहफुलांची पाहिलेली असल्यानं मला हे बोलणं आवडतं. पण मोहाचं कसं आंबतं ते सांगता येतं, हे नाही.

तुम्ही प्राण्यांचंही विचारलंय, त्यांना स्वतःची जाणीव असते का म्हणून. गॅलप नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1970 मध्ये चिंपांझींच्या चेहऱ्यावर रंग लावून आरसा दिला, त्यांनी स्वतःच्याच चेहऱ्यावरचा डाग चाचपला. ठीक आहे. पण ही परीक्षा डोळ्यांनी जगणाऱ्यांची आहे. वासानं जगणाऱ्या कुत्र्याला नापास करायचा आपल्याला काय अधिकार? माझ्या बैलांबद्दल माझं मत पक्कं आहे, पुरावा मागू नका.

आता 'स्वतःला ओळखणं'. मला दवाखान्यातली हिरव्या बांगड्यांची एक सिस्टर आठवायची. तिनं कपाळावर हात ठेवला होता, हातही आठवायचा. दोन वर्षं मी ही आठवण सगळ्यांना सांगितली. शेवटी बायको म्हणाली, "थे सिस्टर पोरीच्या बाळंतपणातली होती." म्हणजे रिकामी जागा पाहून माझ्या डोक्यानं दुसरीकडचं सामान आणून लावलं आणि मला विचारलंही नाही. गझानिगा नावाच्या संशोधकाचा एक प्रयोग आहे. मेंदूचे दोन भाग शस्त्रक्रियेनं वेगळे केलेला एक रुग्ण. बोलणाऱ्या डाव्या भागाला कोंबडीचा पाय दाखवला, न बोलणाऱ्या उजव्याला बर्फ. त्याच्या एका हातानं कोंबडीचं चित्र निवडलं, दुसऱ्यानं फावडं. फावडं का, असं विचारल्यावर बर्फ न पाहिलेला भाग एका क्षणात म्हणाला, खुराडं साफ करायला! खोटं बोलत नव्हता तो. त्याला तसंच वाटत होतं. मला वाटतं आपण सगळे दिवसभर खुराडं साफ करत असतो.

मोजणीला माणूस येतो तेव्हा आधी वावराबाहेरचा एक पक्का दगड शोधतो. तो सापडला नाही तर कितीही साखळ्या ओढा, धुरा ठरत नाही. स्वतःच्या मनाला असा बाहेरचा दगड नाही, एवढंच माझं तत्त्वज्ञान. उपनिषदातल्या याज्ञवल्क्य ऋषीनं आपल्या बायकोला, मैत्रेयीला, हेच विचारलं होतं, जाणणाऱ्याला कशानं जाणायचं? लोक त्याचा उपयोग साक्षी सिद्ध करायला करतात. मला त्यात हात टेकलेला माणूस दिसतो. चुकत असेन.

आता जे आधीच सांगायला पाहिजे होतं ते. मी 'नव्हतो' असं वर दहादा म्हटलं, पण तेही मला माहीत नाही. आठवत नाही म्हणजे नव्हतोच असं होत नाही. कदाचित त्या रात्री मी पूर्ण जागा होतो, समजून-उमजून बोललो, आणि ॲट्रोपिननं फक्त नोंद होऊ दिली नाही. ॲट्रोपिनच्या जातीची औषधं आठवण बसू देत नाहीत, हे डॉक्टरच सांगतात. आणि ज्या भावाशी मी भांडतोय त्यानंच मला दवाखान्यात नेलं, तीन रात्री खाटेजवळ बसला, हे लिहायला मी इतका वेळ लावला, यावरूनही माझी स्वतःबद्दलची जाण किती ते तुम्हीच ठरवा.

तुम्हाला एकच सांगतो, घरात कोणाला असं काही झालं तर त्या दिवसांतलं त्याचं बोलणं त्याच्याविरुद्ध वापरू नका. आणि फवारायचं असेल तर वाऱ्याची दिशा पाहून, तोंड-हात झाकून. पुडीत पुडी मिसळू नका.

मोजणीचा अर्ज मी गेल्या महिन्यात भरला. बायकोला सांगितलं तर ती भाकर थापता थापता म्हणाली, "तीन दिवसांत तुमी एकदाच धड तुमच्यासारखे बोल्ले होते. थे निंबाचंच."

धाकट्याला हे अजून सांगितलेलं नाही. तो असलं काही वाचत नाही.